जुन्या ॲनिमेशनपटांच्या व्हिडिओ गेमची किंमत ठरते कशी?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. त्याच्या दोनच दिवस आधी तिथेच ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची एक प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली होती. बातमी जगभर पसरली. तेव्हापासून कुठल्याही अडगळीत एखादी जुनी कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली प्लास्टिकची वडी, सापडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिचे किती येतील?

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो तो ‘अलादीन’, ‘द लायन किंग’, ‘टॉय स्टोरी’ अशा ॲनिमेशनपटांवर बेतलेल्या गेमबद्दल. कारण उघड आहे. हे गेम असंख्य घरांत होते, आणि ज्यांनी ते लहानपणी खेळले ती माणसं आता स्वतःच्या कमाईतून पैसे खर्च करू शकतात. उत्तर मात्र बहुतेकांना निराश करतं, कारण यातल्या बऱ्याच गेमचे फारसे पैसे येत नाहीत. पण काहींचे येतात, आणि ते कोणते असतात हे बहुतेकांच्या अंदाजाच्या बरोबर उलट निघतं. मला या विषयाची गोडी लागली ती याच उलटेपणामुळे.

जुनं म्हणजे महाग, हे खरं का नाही?

किंमत वयावर ठरत नाही. आज त्या वस्तूच्या किती प्रती चांगल्या अवस्थेत शिल्लक आहेत आणि त्या हव्या असलेली माणसं किती आहेत, यावर ती ठरते. चित्रपटाचा गेम निघतो तो चित्रपटाच्या लाटेवर. जाहिरात आधीच झालेली असते, मुलं दुकानात नाव घेऊनच येतात, म्हणून प्रकाशक प्रती भरपूर काढतो. १९९३ साली आलेला सेगा या गेम कंपनीचा ‘अलादीन’ आणि १९९४ चा ‘द लायन किंग’ हे त्या काळातले तडाखेबंद खपाचे गेम होते. इतक्या प्रती निघाल्या की तीस वर्षांनंतरही नुसती कार्ट्रिज सहज मिळते. मागणी मोठी, पण पुरवठा त्याहून मोठा. म्हणून सर्वांच्या आवडीचा गेम बऱ्याचदा स्वस्त असतो.

महाग असतो तो, जो त्या वेळी फारसा कुणी घेतला नाही.

अमेरिकेत निन्टेंडो या जपानी कंपनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा पहिला कन्सोल, म्हणजे एनईएस, १९८०च्या दशकाच्या मध्यात आला. १९९१ मध्ये तिथे त्याचा पुढचा अवतार, सुपर निन्टेंडो, आला आणि मुलं तिकडे वळली. पण जुन्या कन्सोलसाठी गेम निघतच राहिले. व्हर्जिन या गेम कंपनीचा ‘द जंगल बुक’ एनईएसवर आला तो १९९४ मध्ये. ‘द लायन किंग’ तर एनईएसवर १९९५ मध्ये आला आणि तोही फक्त युरोपात. गेम म्हणून तो दुबळाच आहे. चित्रपटातला सिंबा मोठा होतो, या गेममध्ये ती वेळच येत नाही, त्याआधीच तो संपतो. तरीही संग्राहकांना तो हवा असतो, कारण तो त्या कन्सोलच्या अगदी शेवटच्या अधिकृत गेमपैकी एक आहे आणि मरत्या बाजारात त्याच्या प्रती थोड्याच खपल्या. सुपर निन्टेंडोवरचा ‘लायन किंग’ दिसायला, ऐकायला आणि खेळायला कितीतरी सरस आहे, आणि मिळतो मात्र स्वस्तात.

एकाच गेमच्या तीन किमती

या बाजारात किमतीची चौकशी करताना आधी विचारावं लागतं: कोणत्या अवस्थेतली प्रत? ढोबळ तीन पायऱ्या आहेत. ‘लूज’ म्हणजे नुसती कार्ट्रिज किंवा डिस्क. ‘कम्प्लीट’ म्हणजे मूळ बॉक्स, आतली पुस्तिका आणि जे काही सोबत आलं होतं ते सगळं. ‘सीलबंद’ म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून न उघडलेली. या तीन किमतींत काही पटींचा फरक असतो आणि सीलबंद प्रतीच्या बाबतीत तो प्रचंड होऊ शकतो. बातम्यांतले आकडे फक्त तिसऱ्या पायरीचे, त्यातही त्या पायरीवरच्या सर्वोत्तम प्रतींचे असतात. हातातली कार्ट्रिज पहिल्या पायरीवरची असते. अर्धा गैरसमज इथेच होतो.

लूज आणि कम्प्लीट यांच्यातला फरक मोठा का, हे बुटांवरून कळेल. नवे बूट आणले की बूट वर्षानुवर्षं वापरले जातात, खोकं त्याच आठवड्यात कचऱ्यात जातं. तीस वर्षांनी बुटांपेक्षा खोकं दुर्मीळ होऊन बसतं. गेमचंही तसंच झालं. एनईएस, सुपर निन्टेंडो आणि निन्टेंडो ६४ यांचे गेम पातळ पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये येत. मुलांनी ते फाडून उघडले आणि टाकून दिले. सेगाच्या जेनेसिसचे गेम बहुतेक करून पुस्तकासारख्या उघडणाऱ्या कडक प्लास्टिकच्या डबीत येत. अमेरिकेबाहेर याच कन्सोलला मेगा ड्राइव्ह म्हणतात. ती डबी गेम ठेवायलाच सोयीची होती, त्यामुळे टिकली आणि तिच्यात खोचलेली पुस्तिकाही टिकली. परिणामी सेगाचा ‘अलादीन’ कम्प्लीट मिळणं सोपं आहे. सुपर निन्टेंडोचा ‘अलादीन’ चपट्या न झालेल्या, कोपरे शाबूत असलेल्या बॉक्ससकट मिळणं अवघड आहे आणि तशा बॉक्सचे वेगळे पैसे पडतात. कधीकधी नुसता रिकामा बॉक्स आतल्या कार्ट्रिजपेक्षा जास्त किमतीला विकला जातो.

म्हणून जुनं सामान आवरताना गेमपेक्षा कागद आधी शोधावेत, असं मी नेहमी सांगते. पुस्तिका, सोबतचं पोस्टर, नोंदणीचं कार्ड, पुठ्ठ्याचा आतला साचा. यांतला एकही तुकडा नसला तरी ‘कम्प्लीट’ हा शब्द गळून पडतो.

नाव एक, गेम वेगळे

नवख्या माणसाची सर्वात मोठी फसगत इथे होते, आणि मला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो.

‘अलादीन’ या नावाचे १९९३ मध्ये दोन पूर्ण वेगळे गेम निघाले. सेगाचा गेम व्हर्जिनने केला. प्रोग्रामिंगची धुरा डेव्हिड पेरी यांच्याकडे होती आणि हालचालींची चित्रं डिस्नेच्याच ॲनिमेटरनी कागदावर काढली होती. ती संगणकात घेऊन, दाबून लहान करून कार्ट्रिजमध्ये बसवली गेली. म्हणून त्या गेममधला अलादीन धावताना खरोखर चित्रपटातला वाटतो. त्याच्या हातात तलवार आहे. सुपर निन्टेंडोचा गेम मात्र कॅपकॉम या जपानी कंपनीने केला. त्याचे रचनाकार होते शिंजी मिकामी, ज्यांनी पुढे ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा गाजलेला भीतिदायक गेम घडवला. त्यांच्या अलादीनकडे तलवार नाही. तो शत्रूंच्या डोक्यावर उड्या मारतो, सफरचंदं फेकतो आणि खांबाखांबांवरून झेपावत जातो. कोणता चांगला, हा वाद तीस वर्षं चालू आहे. मला सेगाचा बघायला आवडतो आणि कॅपकॉमचा खेळायला.

असं इतरत्रही झालं. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’वर सनसॉफ्टने १९९३ मध्ये जेनेसिससाठी दोन स्वतंत्र गेम काढले, एकात बेलची भूमिका आणि दुसऱ्यात बीस्टची. १९९५ चा ‘टॉय स्टोरी’ जेनेसिस आणि सुपर निन्टेंडो दोन्हींवर आला, पण जेनेसिसवरचा एक अख्खा टप्पा सुपर निन्टेंडोच्या आवृत्तीत नाही. म्हणून किंमत शोधताना चित्रपटाचं नाव पुरत नाही. कन्सोल, प्रकाशक आणि देश, तिन्ही सांगावे लागतात.

देशाचा काय संबंध?

त्या काळचे कन्सोल टीव्हीच्या प्रक्षेपण पद्धतीला बांधलेले होते. अमेरिका आणि जपानमध्ये पडद्यावरचं चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा ताजं होई, युरोपात ५० वेळा. अमेरिकी किंवा जपानी गेम युरोपीय कन्सोलसाठी काढताना त्यात योग्य बदल केले नाहीत, तर तो साधारण सहाव्या हिश्शाने मंद चालतो आणि संगीतही रेंगाळतं. शिवाय कन्सोलमध्ये दुसऱ्या प्रदेशाची कार्ट्रिज चालू नये म्हणून कुलूपवजा चिप किंवा वेगळ्या आकाराची खाच असे. त्यामुळे प्रत्येक प्रदेशाच्या प्रतीचा बाजार वेगळा आणि किंमतही वेगळी.

जपानी प्रती हा आणखी निराळा प्रकार. १९८८ मध्ये ‘अकिरा’ हा चित्रपट आला, त्याच वर्षी ताइतोने फॅमिकॉमवर त्याचा गेम काढला. फॅमिकॉम हे एनईएसचं जपानी रूप. हा गेम वाचून, पर्याय निवडून पुढे जाण्याचा आहे. जपानी येत नसेल तर तो शोभेची वस्तू म्हणूनच घ्यावा लागतो.

भाड्याच्या प्रतींनी काय केलं

त्या काळी अमेरिकेत गेम दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने मिळत. चित्रपट कंपन्यांना याची धास्ती होती: मुलाने शनिवार-रविवारात गेम संपवला तर तो विकत कशाला घेईल? ‘लायन किंग’ बनवणाऱ्या वेस्टवुडचे सहसंस्थापक लुई कॅसल यांनी सांगितलं आहे की याच कारणामुळे गेम मुद्दाम अवघड करायला लावला गेला. ज्यांनी तो खेळला त्यांना दुसऱ्या टप्प्यातली ती माकडं आठवत असतील, जी सिंबाला इकडून तिकडे भिरकावतात. एका माकडाचं तोंड चुकीच्या दिशेला राहिलं की सगळी साखळीच चुकते. कित्येक मुलं त्याच्या पुढे कधी गेलीच नाहीत.

संग्राहकासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की बाजारातल्या अनेक प्रती भाड्याच्या दुकानांतून आलेल्या आहेत. त्यांच्यावर दुकानाचे स्टिकर, मार्करने लिहिलेले क्रमांक असतात, बॉक्स बहुधा नसतो. त्यांची किंमत कमी असते. खेळायलाच हवा असेल तर अशी प्रत मुद्दाम घ्यावी, आत गेम तोच आहे.

खरी की नकली?

किमती वाढल्या तशा नकलाही वाढल्या. सर्वाधिक नकला गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या कार्ट्रिजच्या आहेत, आणि ‘फाइंडिंग निमो’पासून ‘अलादीन’पर्यंत कितीतरी चित्रपटांचे गेम त्यावर होते.

अशी कार्ट्रिज हातात आली तर ती तिरपी करून उजेडात धरावी. खऱ्या कार्ट्रिजच्या पुढच्या लेबलवर बहुधा एक बारीक, दाबून उमटवलेला आकडा दिसतो. तो छापलेला नसतो, कागदात खळगा पडलेला असतो, म्हणून समोरून पाहिलं तर नजरेतून सुटतो. मग कार्ट्रिज उलटी करून खालच्या फटीत, सोनेरी पट्ट्यांच्या अगदी वर बघावं. खऱ्या सर्किट बोर्डावर तिथे ‘निन्टेंडो’ अशी अक्षरं असतात. नकलीत ती नसतात किंवा फुगीर, वेडीवाकडी असतात. लेबलचे रंग भडक, प्लास्टिकचा पोत जास्त गुळगुळीत, मागचा स्क्रू साधा चौफुलीचा, ही बाकीची चिन्हं.

एनईएस, सुपर निन्टेंडो आणि जेनेसिसच्या कार्ट्रिज उघडायला ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. तो सहज मिळतो. महाग कार्ट्रिज घ्यायची असेल तर विकणाऱ्याकडून आतल्या बोर्डाचा फोटो मागावा. बोर्डावर काळ्या राळेचा गोल ठिपका थापलेला असेल तर सावध व्हावं. आतला फोटो देण्यास जो साफ नकार देतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

सीलबंद प्रतीची नक्कल तर त्याहून सोपी, कारण प्लास्टिक गुंडाळणारं यंत्र अनेक दुकानांकडे असायचं. परत आलेल्या प्रती पुन्हा गुंडाळून विकल्या जात. निन्टेंडोच्या कारखान्यातल्या वेष्टनाला बॉक्सच्या मागे विशिष्ट आडवी शिवण असते. ती ओळखायला डोळा बसावा लागतो.

ग्रेडिंग म्हणजे काय आणि ते करून घ्यावं का?

ग्रेडिंग म्हणजे एखाद्या कंपनीने प्रत तपासून, तिच्या अवस्थेला गुण देऊन, कडक पारदर्शक पेटीत कायमची बंद करणं. नाणी आणि कॉमिक्समध्ये हे आधीपासून होतं. गेममध्ये व्हीजीए, वाटा आणि सीजीसी या कंपन्यांची नावं ऐकू येतात. वाटा दहापैकी गुण देते आणि सीलबंद प्रतीच्या वेष्टनाला वेगळं अक्षर देते. लेखाच्या सुरुवातीच्या मारिओला ९.८ गुण आणि वेष्टनासाठी सर्वोच्च ए++ होतं.

आता आक्षेप. ऑगस्ट २०२१ मध्ये यूट्यूबवरचे कार्ल जोब्स्ट यांनी एक सविस्तर व्हिडिओ करून आरोप केला, की वाटा आणि हेरिटेज यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत आणि भाव फुगवले गेले. दोन्ही कंपन्यांनी आरोप फेटाळले. २०२२ मध्ये वाटाविरुद्ध अमेरिकेत ग्राहकांच्या वतीने खटलाही दाखल झाला. आरोपांचं काहीही होवो, लाखो डॉलरच्या त्या आकड्यांमागे खरेदी करणारे हात मोजकेच होते. दहा जणांच्या बाजारातून दहा लाख लोकांच्या कार्ट्रिजचा भाव काढता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. उघडलेल्या, वापरलेल्या चित्रपट-गेमचं ग्रेडिंग करण्यात अर्थ नाही. त्याचं शुल्क, विमा आणि टपालखर्च मिळून बऱ्याचदा कार्ट्रिजच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आणि पेटीत गेलेला गेम पुन्हा कुणी खेळत नाही.

खरा भाव कुठे कळतो?

विकणारा सांगतो तो भाव नव्हे. लिलावाच्या संकेतस्थळावर कुणीही काहीही आकडा टाकू शकतो आणि तशी प्रत वर्षभर तिथेच पडून राहते. ईबेवर ‘विकल्या गेलेल्या’ वस्तूंची वेगळी गाळणी (फिल्टर) आहे, ती लावून मगच बघावं. प्राइसचार्टिंगसारखं संकेतस्थळ झालेल्या विक्रीवरून लूज, कम्प्लीट आणि नव्या प्रतींचे भाव वेगवेगळे दाखवतं. तिथेही एका विक्रीवर जाऊ नये. ज्या गेमच्या वर्षात दोन-चारच प्रती विकल्या जातात, त्याच्या सरासरीला फार अर्थ नसतो.

चित्रपटाचा नवा अवतार येतो तेव्हा जुन्या गेमची चौकशी वाढते. त्या आठवड्यांत घेऊ नये, विकायचं असेल तर विकावं.

आणि संगणकाच्या सीडीचं? त्यांना सहसा भाव नसतो. नव्वदच्या दशकातले सोळा बिटचे विंडोज प्रोग्रॅम आजच्या चौसष्ट बिटच्या विंडोजवर सरळ चालतच नाहीत. पण इतिहासात त्यांचं स्थान मोठं आहे. १९९४ च्या नाताळात ‘लायन किंग’ची गोष्ट सांगणारी डिस्नेची सीडी असंख्य घरांत भेट म्हणून गेली आणि अनेक कॉम्पॅक संगणकांवर ती चाललीच नाही. मुलं रडली, पालकांनी तक्रारींचे फोन केले. विंडोजवर गेम नीट चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने पुढे डायरेक्टएक्स बनवलं, त्यामागचं एक कारण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो.

फुकट खेळता येतं, मग विकत कशाला?

गेमची नक्कल संगणकावर चालवता येते, हे खरं. पण बहुतेक ठिकाणी तिचं कायदेशीर स्थान डळमळीत असतं, आणि संग्राहकाला हवी असते ती मूळ वस्तू. मुद्दा फक्त हौसेचाही नाही. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं, की अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत.

चित्रपटांवरच्या गेमची अवस्था यात विशेष बिकट. मारिओ निन्टेंडोच्या एकटीच्या मालकीचा आहे. ‘अलादीन’मध्ये मात्र पात्रं डिस्नेची, गेम एकाने लिहिलेला, दुसऱ्याने प्रकाशित केलेला, आणि परवाना ठरावीक वर्षांपुरता. मुदत संपली की सगळ्यांनी पुन्हा सह्या केल्याशिवाय तो विकता येत नाही. २०१९ मध्ये डिजिटल एक्लिप्सने ‘अलादीन’ आणि ‘लायन किंग’ एकत्र पुन्हा आणले, तेव्हा त्यात कॅपकॉमचा ‘अलादीन’ नव्हता. तो ‘जंगल बुक’सोबत २०२१ च्या आवृत्तीत आला.

पुन्हा प्रकाशित झाल्यावर मूळ कार्ट्रिजचा भाव कोसळेल, ही भीती मला अनाठायी वाटते. ज्याला फक्त खेळायचं होतं तो नवी आवृत्ती घेतो, ज्याला १९९३ ची डबी हवी आहे तो ती शोधतच राहतो. उलट नवी आवृत्ती खेळून काहीजण मूळ वस्तूच्या शोधात निघतात.

गुंतवणूक म्हणून?

नको. भाव आठवणीवर उभा आहे आणि आठवण पिढीबरोबर सरकते. आज सुपर निन्टेंडोचे दिवस आठवणारे खर्च करत आहेत, उद्या प्लेस्टेशन २ आठवणारे करतील. पुढच्या पिढीला ‘लायन किंग’च्या कार्ट्रिजबद्दल हीच ओढ असेल याची कुणी हमी देऊ शकत नाही. वस्तू मात्र दरवर्षी झिजते.

झीज थांबवणं तेवढं हातात आहे. कार्ट्रिज चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची सवय सर्वांना होती. ती सोडावी, तोंडातल्या दमटपणाने धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसाव्यात, वाळू द्याव्यात. राखाडी प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं, म्हणून खिडकीसमोरचं कपाट टाळावं. प्लेस्टेशनच्या ‘हर्क्युलीस’ किंवा ‘टारझन’सारख्या डिस्क घेताना आपण खालची काळी बाजू निरखतो, पण सीडीतला माहितीचा थर चित्र छापलेल्या वरच्या बाजूला चिकटून असतो. खालचा उथळ ओरखडा घासून काढता येतो, वरून खोल गेलेला नाही. पुठ्ठ्याच्या बॉक्सना पारदर्शक आवरण घालायचं तर ते पीईटी या प्लास्टिकचं घ्यावं. पीव्हीसी हे प्लास्टिक कालांतराने चिकट होतं आणि छपाईला धरून बसतं.